शपथेवरची उत्तरे आणि नेमक्या हरकती: दिवाणी दाव्यातल्या पक्षकारांसाठी

दावा दाखल झाला, कैफियत दिली, आता साक्षीपुराव्याची पाळी येईपर्यंत आपल्याला काही काम नाही, असे बहुतेक पक्षकार धरून चालतात. मग एके दिवशी वकिलांचा फोन येतो. समोरच्यांनी प्रश्नावली दिली आहे, कोर्टाने परवानगी दिली आहे, दहा दिवसांत शपथपत्रावर उत्तरे द्यायची आहेत, कागद घेऊन या. पक्षकार येतो, पाने चाळतो आणि म्हणतो, "सगळं नाकबूल म्हणून टाका ना साहेब." हा लेख त्या एका वाक्यासाठी लिहिला आहे. ते वाक्य मनातून काढून टाकले तर पुढची कितीतरी वर्षे आणि बराचसा खर्च वाचू शकतो.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधल्या आदेश ११ मध्ये ही सगळी व्यवस्था आहे. तिच्यात तीन गोष्टी येतात. एक, समोरच्या पक्षाला लेखी प्रश्न विचारणे, ज्याला वकील मंडळी इंटरॉगेटरीज म्हणतात. दोन, दाव्याच्या मुद्द्यांशी संबंधित कोणकोणते कागद तुमच्याकडे आहेत ते शपथेवर सांगायला लावणे. तीन, ते कागद पाहणे आणि त्यांच्या नकला घेणे. शेजारच्या आदेश १२ मध्ये कागद किंवा वस्तुस्थिती कबूल करण्याची नोटीस आहे. या सगळ्याचा हेतू साधा आहे. ज्या गोष्टीबद्दल खरा वाद नाही, ती सिद्ध करण्यात कोर्टाचा वेळ जाऊ नये, आणि ज्या गोष्टीबद्दल वाद आहे, तिच्याबाबत समोरच्याचे म्हणणे नेमके काय, हे साक्ष सुरू होण्याआधी कळावे. आपल्याकडच्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांत या तरतुदी पडूनच राहतात किंवा वेळ काढण्यासाठी वापरल्या जातात. याचे मला फार वाईट वाटते, कारण साक्षीपुराव्याची वर्षे कमी करणारे इतके स्वस्त साधन संहितेत दुसरे नाही.

उदाहरण घेऊन बोलू. समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात वडिलांच्या पश्चात थोरला भाऊ शेती पाहतो आणि धाकटा पुण्यात नोकरी करतो. धाकट्याने वाटपाचा आणि उत्पन्नाच्या हिशेबाचा दावा लावला. थोरल्याने कैफियतीत लिहिले की वडिलांच्या हयातीतच तोंडी वाटप झाले आहे. मुद्दे निघण्याच्या सुमारास धाकट्याने थोरल्याला प्रश्नावली दिली. तिच्यात पाच प्रश्न आहेत. २०१६ ते २०२३ या काळात दावा मिळकतीतल्या उसाची बिले कोणत्या खात्यात जमा झाली? तोंडी वाटप कोणत्या साली झाले आणि कोणाच्या वाट्याला कोणती जमीन आली? ते वाटप सिद्ध करण्यासाठी तुम्ही कोणते साक्षीदार तपासणार? तुमच्या पत्नीच्या नावावरचा कराडचा भूखंड कोणत्या पैशातून घेतला? आणि दाव्याआधीच्या नोटिशीला उत्तर देताना तुमच्या वकिलांनी तुम्हाला काय सल्ला दिला?

थोरल्याने आधी तारखा मांडाव्यात. प्रश्नावली न्यायालयाच्या परवानगीनेच देता येते आणि परवानगीच्या अर्जावर सात दिवसांत निर्णय द्यावा, असे नियम सांगतो. परवानगीचा विचार करताना न्यायालय हेही पाहते की समोरचा तपशील द्यायला, काही गोष्टी कबूल करायला किंवा कागद दाखवायला स्वतःहून तयार आहे का. म्हणून अर्जाची प्रत हाती येताच "प्रश्न एकचे उत्तर आम्ही बँक उतारा दाखल करूनच देतो" असे पुरसीस देऊन सांगितले, तर पुढचा निम्मा व्याप टळतो. परवानगी मिळून प्रश्नावली बजावली गेली की दोन मुदती सुरू होतात. प्रश्न छळवादी, पाल्हाळिक, जाचक, अनावश्यक किंवा बदनामीकारक आहेत म्हणून ते रद्द करून घ्यायचे किंवा वगळून घ्यायचे असतील, तर अर्ज सात दिवसांत द्यावा लागतो. शपथपत्रावर उत्तरे द्यायला दहा दिवस असतात, किंवा न्यायालय ठरवील तितके. सात दिवसांचा अर्ज राहून गेला म्हणून सगळे संपत नाही. उत्तराच्या शपथपत्रातच एकेका प्रश्नावर हरकत घेण्याची सोय नियम ६ मध्ये आहे. मुदत वाढवून हवी असेल, तर ती संपण्याआधी मागावी आणि कारण लिहावे. "वकील बाहेरगावी" हे कारण आता न्यायाधीश फारसे ऐकून घेत नाहीत.

आता एकेक प्रश्न.

पहिला प्रश्न उसाच्या बिलांचा. हिशेब मागितलेला आहे, म्हणजे प्रश्न मुद्द्याला धरूनच आहे. इथे "माहीत नाही" लिहिणे धोक्याचे. ज्याच्या नावावर कारखान्याकडे उसाची नोंद आहे, त्याला बिल कुठे जमा झाले हे माहीत नाही, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. चांगले उत्तर साधारण असे असते: "सदर काळातील उसाची बिले माझ्या नावे असलेल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतील बचत खात्यात जमा होत होती. एका हंगामातील बिलाची काही रक्कम विकास सोसायटीच्या पीककर्जापोटी परस्पर वळती झाली, असे पासबुकावरून दिसते. ते कर्ज मी याच शेतीसाठी काढले होते. नेमक्या रकमा खातेउताऱ्यावरून दिसतील. उतारा सोबत जोडला आहे." यात थोरल्याने काही लपवलेले नाही, आणि आपल्या बाजूची महत्त्वाची गोष्ट, म्हणजे कर्ज शेतीसाठी होते आणि ते त्यातूनच फिटले, तीही त्याच परिच्छेदात सांगितली आहे.

ही शेवटची बाब नीट ध्यानात घ्या. नियम २२ प्रमाणे समोरचा पक्ष तुमच्या उत्तरांपैकी एखादेच उत्तर, किंवा उत्तराचा एखादाच भाग, पुरावा म्हणून वापरू शकतो. न्यायालय सगळी उत्तरे पाहू शकते, आणि जोडून असलेले उत्तरही सोबत घ्या असे सांगू शकते. पण खुलासा तिसऱ्याच परिच्छेदात पडला असेल, तर तो शोधून दाखवण्याची मेहनत तुमच्या वकिलांना करावी लागते. म्हणून कबुली आणि तिचा खुलासा शेजारी शेजारी लिहावा, जमल्यास एकाच वाक्यात.

"माहीत नाही" हे उत्तर केव्हा चालते? चौकशी करूनही कळले नाही तेव्हा. पक्षकाराने स्वतःच्या आठवणीवर थांबायचे नसते. मुनीम, भागीदार, सनदी लेखापाल, शेती पाहणारा पुतण्या, ज्यांच्याकडून माहिती मिळवणे आपल्या हातात आहे, त्यांना विचारायचे असते. कंपनी किंवा सहकारी संस्था पक्षकार असेल, तर जो अधिकारी उत्तर देतो त्याने संबंधित खात्यांत विचारपूस करूनच सही करावी. "मी या पदावर नुकताच आलो आहे" एवढीच सबब दिली तर उत्तर अपुरे ठरवून नियम ११ खाली पुन्हा उत्तर द्यायचा आदेश होऊ शकतो, आणि ते उत्तर तोंडी, न्यायालयासमोर द्यायलाही सांगितले जाऊ शकते. चौकशी केली असेल तर उत्तरात तसे लिहा: कोणाला विचारले, कोणते दप्तर पाहिले, काय मिळाले नाही.

दुसरा आणि तिसरा प्रश्न एकत्र वाचा, कारण प्रश्नावलीतला सगळ्यात महत्त्वाचा फरक इथे दिसतो. वाटप केव्हा झाले आणि कोणाला काय मिळाले, ही थोरल्याच्या बचावातली वस्तुस्थिती आहे. ती त्याने सांगितलीच पाहिजे. साल आठवत नसेल तर "२०११ किंवा २०१२ च्या पाडव्याच्या सुमारास, वडील आजारी पडण्यापूर्वी" असे लिहावे. गट नंबर सातबाऱ्यावरून पाहून लिहावेत. पण ती वस्तुस्थिती आपण कोणत्या साक्षीदारांकडून शाबीत करणार, हा पुराव्याचा भाग झाला. प्रश्नावलीतून समोरच्याचा पुरावा आधीच काढून घेता येत नाही. तेव्हा तिसऱ्या प्रश्नावर हरकत रास्त आहे. ती अशी लिहावी: "प्रश्न क्रमांक ३ द्वारे प्रतिवादीच्या पुराव्याची माहिती मागितली आहे, ती प्रश्नावलीद्वारे मागता येत नाही, सबब उत्तर देण्यास हरकत आहे. साक्षीदारांची यादी नियमानुसार योग्य वेळी दाखल करण्यात येईल." दुसऱ्या प्रश्नालाही हीच हरकत चिकटवण्याचा मोह होतो. तसे केले तर न्यायालयाला वाटते की बचावच पोकळ आहे, आणि तिसऱ्या प्रश्नावरची खरी हरकतही त्या संशयात अडकते.

भूखंडाचा चौथा प्रश्न अधिक विचार करण्यासारखा आहे, कारण त्याचे उत्तर वादपत्रात दडलेले असते. तो भूखंड एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतला असे म्हणून धाकट्याने दाव्यात त्याचेही वाटप मागितले असेल, तर पैसा कुठून आला हा सरळ मुद्द्याचा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर द्यावे लागेल. वादपत्रात भूखंडाचा उल्लेखच नसेल, तर तोच प्रश्न म्हणजे हाती काही लागते का हे पाहण्यासाठी केलेली चाचपणी ठरते. १९७२ साली राजनारायण विरुद्ध इंदिरा गांधी या रायबरेलीच्या निवडणूक याचिकेतून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. उलटतपासात विचारता येईल असा प्रत्येक प्रश्न प्रश्नावलीत चालतोच असे नाही, दाव्यातल्या वादाच्या बाबींशी त्याचा पुरेसा निकटचा संबंध असावा लागतो. म्हणून हरकत लिहिण्यापूर्वी वादपत्र आणि कैफियत पुन्हा एकदा वाचा. प्रश्नाशेजारी वादपत्राचा परिच्छेद क्रमांक लिहा. एकही परिच्छेद जुळत नसेल, तरच "असंबद्ध" हा शब्द वापरा.

कधी प्रश्न संबंधित असतो, पण वेळेआधी आलेला असतो. हिशेबाचा हक्क आहे की नाही हेच ठरायचे असताना पै-पैचा हिशेब मागणे हा त्यातला प्रकार. "या टप्प्यावर पुरेसे महत्त्वाचे नाही" ही हरकत नियम ६ मध्ये शब्दशः आहे आणि ती फार कमी वापरली जाते.

पाचवा प्रश्न वकिलांच्या सल्ल्याचा. इथे संकोच नको. पक्षकार आणि वकील यांच्यातला व्यावसायिक संवाद भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ते १३४ नुसार संरक्षित आहे. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्यामुळे त्या तारखेपासून पुढे दाखल झालेल्या दाव्यांत जुन्या कायद्यातली १२६ ते १२९ ही कलमे लिहू नयेत. पण संरक्षण सल्ल्याला आहे, वकिलांच्या फाइलमध्ये ठेवलेल्या प्रत्येक कागदाला नाही. तुमचा जुना भाडेकरार वकिलांकडे दिला म्हणून तो गोपनीय होत नाही.

हरकत कशी लिहावी

संहितेच्या परिशिष्ट ग मध्ये उत्तराच्या शपथपत्राचा नमुना ३ दिलेला आहे. त्यात उत्तरे क्रमवार परिच्छेदांत आहेत आणि शेवटी वाक्य असे आहे की अमुक क्रमांकाच्या प्रश्नांना उत्तर देण्यास माझी हरकत आहे आणि तिचे कारण असे. नमुन्यातच क्रमांक आणि कारण या दोन्हींसाठी जागा सोडलेली आहे. "सर्व प्रश्न असंबद्ध, मोघम, त्रासदायक व कायद्याने अग्राह्य असल्याने हरकत आहे" हे एका ओळीतले सरसकट वाक्य त्या नमुन्यात बसतच नाही.

दुसरी गोष्ट, प्रश्नाचा अर्धा भाग योग्य आणि अर्धा अयोग्य असेल तर योग्य अर्ध्याचे उत्तर द्या आणि कुठे थांबलात ते सांगा. "गेल्या पंधरा वर्षांतील सर्व व्हॉट्सअप संदेश द्यावेत" अशी मागणी आली, तर पंधरा वर्षांवर आणि "सर्व" या शब्दावर हरकत घ्या, पण दावा मिळकतीबद्दल दोघा भावांत जे बोलणे झाले, ते अमुक काळापुरते देतो असे लिहा. अमेरिकेत स्थायिक असलेल्या मराठी वाचकांना हे ओळखीचे वाटेल. तिथल्या फेडरल न्यायालयांत प्रश्नावली वकिलावकिलांतच, न्यायालयाच्या परवानगीशिवाय, पंचवीस प्रश्नांपर्यंत देता येते आणि तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते. कागदपत्रांच्या मागणीवर हरकत घेताना त्या हरकतीमुळे काही रोखून ठेवले आहे का, हे सांगणे २०१५ च्या दुरुस्तीने बंधनकारक केले आहे. आपल्या संहितेत असे स्पष्ट बंधन लिहिलेले नाही, पण तसे लिहिणाऱ्याच्या हरकतीला न्यायालयात वजन येते, हे नक्की.

कागदांचे शपथपत्र

आदेश ११ च्या नियम १२ खाली समोरचा पक्ष तुमच्याकडून कागदांचे शपथपत्र मागू शकतो. न्यायालयाला ते दाव्याच्या न्याय्य निकालासाठी किंवा खर्च वाचवण्यासाठी गरजेचे वाटले नाही, तर ते नकार देऊ शकते किंवा काही प्रकारच्या कागदांपुरते आदेश देऊ शकते. आदेश झाला की नमुना ५ घ्यायचा. त्याच्या पहिल्या अनुसूचीचे दोन भाग असतात: दाखवायला तयार असलेले कागद, आणि हरकत असलेले. दुसऱ्या अनुसूचीत पूर्वी तुमच्याकडे होते पण आता नाहीत असे कागद येतात. ते शेवटी केव्हा होते, त्यांचे काय झाले आणि आता कोणाकडे आहेत, हेही लिहायचे असते. लोक ही दुसरी अनुसूची कोरी सोडतात. मूळ खरेदीखत कर्जासाठी बँकेत गहाण असेल, तर तो कागद "माझ्याकडे नाही" म्हणून गाळू नका. जो कागद मागून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे, तो तुमच्या ताब्यातलाच समजला जातो.

हरकत असलेला कागदही यादीत आला पाहिजे. कागद आहे हे सांगणे आणि तो दाखवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. विशेषाधिकाराचा दावा खरा आहे का हे ठरवण्यासाठी न्यायाधीश स्वतः तो कागद पाहू शकतात. राज्यकारभाराशी संबंधित कागद मात्र याला अपवाद आहेत. आणि एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर या १९७२ च्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की प्रकटीकरणासाठी कागद पुराव्यात ग्राह्यच असला पाहिजे असे नाही, वादावर प्रकाश टाकण्याजोगा असला तरी पुरे. तेव्हा "हा कागद स्टॅम्पवर नाही, म्हणून यादीत नको" असा विचार करू नका.

मोबाइलमधल्या गोष्टींसाठी एक कळकळीची सूचना. दाव्याची नोटीस आली त्या दिवसापासून काही पुसू नका, फोन बदलायचा असेल तर जुना जपून ठेवा. जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबतचे प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. मूळ साधनच न्यायालयात हजर केले तर त्याची गरज नाही. आता ते प्रमाणपत्र नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दोन भागांत द्यावे लागते.

वादपत्रात किंवा कैफियतीत तुम्ही ज्या कागदाचा आधार घेतला, तो पाहण्याची नोटीस समोरच्याने दिली, तर दहा दिवसांत उलट नोटीस देऊन, ती उलट नोटीस दिल्यापासून तीन दिवसांच्या आतली वेळ नेमून द्यायची असते. जागा बहुधा वकिलांचे कार्यालय. दाखवला नाही, तर पुरेसे कारण दिल्याशिवाय तो कागद तुम्हाला स्वतःच्या बाजूने पुराव्यात देता येत नाही. आणि आदेश १२ ची कागद कबूल करण्याची नोटीस आली तर सात दिवसांचे भान ठेवा. स्पष्ट नाकारला नाही तर तो कागद कबूल धरला जातो. वस्तुस्थितीच्या नोटिशीला उत्तर न दिल्यास ती शाबीत करण्याचा खर्च अंगावर पडू शकतो.

व्यापारी न्यायालयातले दावे याहून कडक आहेत. २०१५ च्या कायद्याने अशा वादांसाठी आदेश ११ नवाच घातला, आणि २०१८ मध्ये या कायद्याची किमान मूल्यमर्यादा एक कोटीवरून तीन लाख रुपयांवर आली. त्यामुळे सोलापूर-इचलकरंजीतला मध्यम व्यापारीही आता त्यात सापडतो. तिथे वादपत्रासोबतच आपल्या विरुद्ध जाणारे कागदसुद्धा दाखल करावे लागतात आणि दडवलेले काही नाही असे शपथेवर सांगावे लागते. समोरच्याचा कागद नाकारताना मजकूर, अस्तित्व, सही, पाठवणे-मिळणे आणि ताबा यांपैकी नेमके काय नाकारता आणि का, हे लिहावे लागते. नुसता नकार हा नकार धरला जात नाही.

आदेश मोडला तर

आदेश ११ च्या नियम २१ प्रमाणे वादीचा दावा काढून टाकला जाऊ शकतो, प्रतिवादीचा बचाव रद्द होऊ शकतो, आणि दावा गेला तर त्याच कारणावर नवा दावाही लावता येत नाही. नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी मिळते, आदेशावर अपीलही आहे. बब्बर सुइंग मशीन कंपनीच्या १९७८ च्या निकालानुसार हे टोकाचे पाऊल जाणूनबुजून केलेल्या अवज्ञेसाठीच आहे. पण दोनतीन मुदती घेऊन काहीच न देणारा पक्षकार त्या टोकाच्या जवळ जातो. खोटे उत्तर दिले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे.

प्रश्न विचारणाऱ्या बाजूलाही सांगायचे आहे. सातारच्या धाकट्याने पाचऐवजी पन्नास प्रश्न दिले असते, तर नियम ३ प्रमाणे खर्च त्याच्यावरच येऊ शकला असता. सातबारा डिजिटल स्वाक्षरीसह महाभूमीवर मिळतो, फेरफाराची नक्कल अर्ज करून मिळते. जे स्वतः मिळवता येते ते विचारू नका. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा, काळ आणि गट नंबर लिहा, कायद्याचा निष्कर्ष विचारू नका. "तुम्ही बेकायदा कब्जा केला ना?" याला उत्तर "नाही" एवढेच येणार. "दावा मिळकतीत तुम्ही कोणत्या तारखेपासून पीक घेता?" याला साल सांगावेच लागते. एकाच पक्षाला न्यायालयाच्या वेगळ्या आदेशाशिवाय प्रश्नांचा दुसरा संच देता येत नाही, म्हणून पहिलाच संच वादपत्र पुढ्यात ठेवून, वकिलांसोबत बसून तयार करा.

शपथपत्र दाखल झाले की निशाणी क्रमांकासह त्याची एक प्रत घरी घेऊन या. साक्षीला उभे राहाल तेव्हा उलटतपासात पहिला प्रश्न याच उत्तरांवर येण्याची शक्यता असते. आदल्या संध्याकाळी ती पुन्हा वाचा, आणि मधल्या काळात नवा कागद सापडला असेल तर तो साक्षीच्या दिवशी खिशातून काढू नका, आधीच वकिलांकडे देऊन पुरवणी शपथपत्रासाठी परवानगी मागा.